पंधरा मिनिटांचा खेळ

ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात गेम्सकॉम ही व्हिडिओ गेमची जत्रा भरते. 2024 साली तिथे सुमारे 3 लाख 35 हजार माणसे येऊन गेली. त्यातला एखादा पोरगा तासन्‌तास रांगेत उभा राहतो, हेडफोन कानाला लावतो आणि अजून बाजारात न आलेल्या गेमचा पंधरा मिनिटांचा तुकडा खेळून उठतो. हा तुकडा म्हणजे डेमो. जवळून पाहिले तर डेमो ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. त्यात ‘बाहेर पडा’ हे बटण बहुधा नसतेच, कारण कुणी ते दाबले तर मागचा डेस्कटॉप चारचौघांत उघडा पडेल. खेळणारा मध्येच उठून गेला की मिनिट-दोन मिनिटांत पडदा आपोआप पहिल्या जागी येतो, आणि त्याने बदललेली भाषा, बंद केलेला आवाज, उलटा केलेला कॅमेरा सगळे पुसले जाते. नायक मरतो, पण त्याला फार वेळा मरू देत नाहीत. शत्रू गुपचूप नरमतात, कारण मागची रांग पुढे सरकायला हवी. स्टॉलवरच्या माणसाला बटणांची एक खास जोडी ठाऊक असते. ती दाबली की अडकलेले गिऱ्हाईक पुढच्या टप्प्यावर जाऊन पडते. नेटवर्कवर खेळायचा गेम असेल तर शहाणे लोक सर्व्हर स्टॉलच्या मागेच ठेवतात, कारण हजारो फोनांनी भरलेल्या हॉलमधल्या वायफायवर कुणी विसंबत नाही. जर्मनीत वयाचे नियम कडक आहेत. दारातच वयानुसार रंगीत पट्टी मनगटाला बांधतात आणि अठरा वर्षांवरचा गेम भिंतींच्या आडच दाखवावा लागतो. म्हणजे डेमोत रक्त किती दिसावे हे ठरले की सुताराचे कामही ठरते.

यातली जवळजवळ एकही गोष्ट विकायच्या गेमला लागत नाही. लोक ज्याला गेमचा नमुना समजतात ते खरे तर दुसरेच उत्पादन असते. त्याचा ग्राहक वेगळा, आयुष्य चार-पाच दिवसांचे, गुणदोषही वेगळे. ते घडवतात मात्र मूळ गेम घडवणारेच हात. माझे म्हणणे असे, की प्रदर्शनाआधीच्या दोन महिन्यांत या लोकांची जी तारांबळ उडते तिचे कारण कामाच्या ढिगात शोधण्यापेक्षा वेळापत्रकात शोधावे. तिथे बहुतेकदा प्रदर्शनाच्या तारखेवर एक खूण असते आणि तिच्या आधीचे आठवडे नेहमीच्या कामांनी आधीच भरलेले असतात. दुसरे उत्पादन तयार करायचे आहे, हे कुठे लिहिलेलेच नसते. मग ते रात्री आणि शनिवार-रविवारी तयार होते.

एक दरवाजा घेऊ. मूळ गेममध्ये तो कधी उघडेल? किल्ली सापडल्यावर, म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी बोलणे झाल्यावर आणि मोहिमेचा दुसरा टप्पा पार पडल्यावर. डेमोच्या वेळी मोहिमांची यंत्रणा अर्धवट आहे आणि पहारेकऱ्याला अजून आवाजच मिळालेला नाही. म्हणून प्रोग्रॅमर लिहितो, खेळ सुरू होऊन दोन मिनिटे झाली की दरवाजा उघड. दहा मिनिटांचे काम. पण असे चाळीस दरवाजे असतात, आणि तेवढ्यासाठी कोडची वेगळी ब्रँच काढलेली असते. आता तोच गेम दोन ठिकाणी राहतो. इकडे बाकीचे लोक मोहिमांची यंत्रणा पुरी करत असतात, तिकडे डेमोवाले तिला वळसा घालत असतात. डेमोत सापडलेला खरा बग डेमोतच दुरुस्त होतो आणि मूळ गेममध्ये तसाच राहतो, कारण तो उचलून आणायला कुणाला फुरसत नाही. तपासणाऱ्यांना दोन्हीकडचे बिल्ड तपासावे लागते, आणि प्रदर्शनाच्या हॉलमधली हवा तर ऑफिसात तपासताच येत नाही. 2010 साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांच्यासारखा कसलेला माणूस झेल्डाचा नवा गेम रंगमंचावर दाखवत होता आणि हातातली तलवार भलतीकडेच वळत होती. सभागृहातल्या वायरलेस उपकरणांच्या गर्दीमुळे तसे झाले, असे कंपनीने सांगितले.

हे दुसरे उत्पादन पहिल्याला किती महागात पडते याची उदाहरणे उद्योगाच्या ताज्या इतिहासात आहेत. बंजी या स्टुडिओने 2003 च्या ई-थ्रीत ‘हेलो 2’चा डेमो दाखवला आणि प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतले. त्यातली प्रकाश-सावल्यांची यंत्रणा त्या काळच्या एक्सबॉक्सला पूर्ण गेमभर पेलवणारी नव्हती. ती पुढे टाकून द्यावी लागली, डेमोत दिसलेला प्रसंगही त्या रूपात गेममध्ये आला नाही, आणि नोव्हेंबर 2004 ची तारीख गाठताना त्या मंडळींचा जीव मेटाकुटीला आला. ‘सायबरपंक 2077’चे उदाहरण आणखी बोलके आहे. 2018 च्या ई-थ्रीत बंद दाराआड दाखवलेला आणि नंतर सर्वांसाठी खुला केलेला 48 मिनिटांचा डेमो बव्हंशी बनावट होता, असे ब्लूमबर्गने जानेवारी 2021 मध्ये छापले. त्यावर तो गेम बनवणाऱ्या स्टुडिओचे प्रमुख अॅडम बादोव्स्की यांनी जाहीर उत्तर दिले. गेम येण्याआधी दोन वर्षे दाखवलेला प्रदर्शनातला डेमो हा कल्पनेचा नमुनाच असणार, अशा अर्थाचे. मला हे उत्तर खोटे वाटत नाही. उलट ते फार खरे आहे, आणि म्हणूनच विचारावेसे वाटते, की मग त्या नमुन्याला लागलेले महिने गेमच्या वेळापत्रकातून वजा केले होते का? गेम डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका कोलमडत होता, की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला. डेमोमुळेच असे झाले हे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र ज्या कामाचा हिशेब नसतो त्याची भरपाई कुठून तरी होतेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवस्थापकांचा, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, तारीख नसेल तर काहीच पुरे होत नाही. महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगायला नको. गणेशोत्सवाचा देखावा आठ दिवस आधी नुसता बांबू आणि सुतळी असतो, चतुर्थी पुढे ढकलता येत नाही म्हणूनच तो उभा राहतो. गेमच्या बाबतीतही प्रदर्शनाची तारीख असेच करते. सहा महिने वाद घालत बसलेल्या लोकांना ती ठरवायला लावते, की नायक पळतो कसा आणि पडद्यावर आयुष्याची पट्टी कुठे असावी. हा फायदा मी मान्य करतो. पण देखाव्याची उपमाच पुढे नेली तर तिच्यातली मेख दिसते. मंडळाच्या देखाव्यातला राजवाडा पुढून संगमरवरी आणि मागून गोणपाटाचा, हे पोराटोरांनाही माहीत असते. अनंत चतुर्दशीनंतर त्यात राहायला जाण्याची कुणी अपेक्षा करत नाही. डेमो पाहणारा मात्र पुढच्या वर्षी त्याच राजवाड्यात राहायला येणार असतो, पैसे भरून. शिवाय मंडळाचे कार्यकर्ते देखाव्याचे काम देखाव्याचे म्हणूनच करतात. त्याच रात्री त्यांच्याकडून पक्के घरही बांधून घेत नाही कुणी.

तारीख आपली नसते, ही आणखी एक गोष्ट. पहिल्या ई-थ्रीत, मे 1995 मध्ये, सेगाने 2 सप्टेंबरला यायचा सॅटर्न कन्सोल आजपासूनच दुकानात आहे असे जाहीर केले. किंमत 399 डॉलर. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची 299 ही किंमत उच्चारली आणि खाली उतरले. हा किस्सा नेहमी किमतीसाठी सांगितला जातो. मला त्यात सेगाच्या बाहेरचे गेम बनवणारे लोक दिसतात. सप्टेंबर धरून काम चाललेले, आणि एका भाषणात चार महिने नाहीसे झाले. पहिले कित्येक आठवडे सॅटर्नसाठी विकत घ्यायला मोजकेच गेम होते.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे जुने झाले. निन्टेन्डोने 2013 पासून ई-थ्रीतली रंगमंचावरची मोठी सभा सोडून चित्रित कार्यक्रम दाखवणे पसंत केले, 2020 ची ई-थ्री कोविडने बुडाली, 2022 आणि 2023 ची रद्द झाली आणि डिसेंबर 2023 मध्ये ई-थ्री कायमची संपल्याचे जाहीर झाले. मग ओझे उतरले का? एक मोठी जत्रा मोडली आणि तिच्या जागी बारा महिन्यांचा आठवडी बाजार आला. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची जीडीसी ही गेम बनवणाऱ्यांची परिषद, जूनमध्ये समर गेम फेस्ट, ऑगस्टमध्ये कोलोन, सप्टेंबरमध्ये टोकियो गेम शो, डिसेंबरमध्ये गेम अवॉर्ड्‌स. शिवाय स्टीम या ऑनलाइन दुकानाचा डेमोंचा नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा, आणि एका गेमला तिथे एकदाच भाग घेता येतो, म्हणून कोणता पकडायचा याची वेगळीच धास्ती. कोलोनच्या स्टॉलवरचा डेमो ओळखीच्या एकाच मशीनवर चालतो आणि बटणांची जोडी माहीत असलेला माणूस शेजारी उभा असतो. नेक्स्ट फेस्टचा डेमो कुणाच्याही घरच्या जुनाट लॅपटॉपवर चालावा लागतो. चाळीस दरवाजांची लबाडी तिथे पचत नाही. एका अर्थी हे चांगलेच आहे, कारण तो डेमो खऱ्या गेमच्या जास्त जवळ राहतो. पण मेहनत कमी झालेली नाही.

तिसरा आक्षेप छोट्या स्टुडिओंचा, आणि इथे मला थोडे नमते घ्यावे लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेन्डोच्या इंडी वर्ल्ड या ऑनलाइन कार्यक्रमात झळकला आणि त्याच दिवशी विक्रीला आला. वर्षअखेरीस गेम अवॉर्ड्‌समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. एवढ्याशा चमूला असा झोत दुसरीकडून मिळाला नसता. दहा-बारा माणसांत डेमोसाठी वेगळी तुकडी कुठून आणणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण मी वेगळी तुकडी मागतच नाही. डेमोला लागणारे आठवडे कागदावर मांडा आणि तेवढे काम मूळ यादीतून खोडा, इतकेच. छोट्या चमूत तर हे जास्त गरजेचे, कारण तिथे डेमोचा प्रोग्रॅमर, ट्रेलर कापणारा आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी पहाटे वेबसाइट उघडून बसणारा एकच माणूस असू शकतो. भारतातून मशीन्स न्यायची तर ए.टी.ए. कार्ने हा सीमाशुल्काचा कागद लागतो. त्यात प्रत्येक नगाचा अनुक्रमांक लिहायचा आणि तोच नग परत आणायचा. हे काम कोणत्याच वेळापत्रकात ‘गेम बनवणे’ या सदराखाली येत नाही.

कोलोनला पोचल्यावर या माणसाचे दोन तुकडे होतात. धंद्याच्या दालनात प्रकाशकांशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी, एकीला उशीर झाला की पुढच्या सगळ्या ढकलल्या जातात, आणि मधल्या वेळात फोनवर स्टॉलचा निरोप, तीन नंबरचे मशीन काळे पडले. तो धावत जातो, केबल खोचतो, घसा बसलेल्या आवाजात पुढच्या पोराला कोणते बटण उडीचे ते सांगतो. घरी आल्यावर सोमवारी मूळ ब्रँच उघडतो. तिथे त्याच्या गैरहजेरीत मोहिमांची यंत्रणा बदललेली असते आणि पहारेकऱ्याला आवाजही मिळालेला असतो. डेमोची ब्रँच तिच्यात मिसळायला घेतली की संगणक विसंगतींची यादी दाखवू लागतो. ती खाली सरकवत गेले की कुठेतरी तो दरवाजा सापडतो, अजून दोन मिनिटांनी आपोआप उघडणारा.