उधारीची खतावणी आणि संगणक: दुकानदार व प्रोग्रामर दोघांनी जाणाव्यात अशा गोष्टी

रायगडच्या किनारपट्टीवर अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजारांत संगणकावर हिशेब ठेवणारी दुकाने आता नवलाची राहिलेली नाहीत. मात्र संगणक आणला म्हणजे हिशेब आपोआप चोख होतो, असा समज करून घेऊ नये. वहीची मांडणी चुकली तर एका पानाचा घोटाळा होतो, डेटाबेसची मांडणी चुकली तर सगळ्या खात्यांचा होतो. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात याचा अर्थ एकच, एकाचे देणे दुसऱ्याच्या नावावर पडणे. त्यात पैसा जातो आणि माणूसही तुटतो.

तीन तक्ते, एक क्रमांक

डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा संच. आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडले की, माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावी आणि ते तक्ते ओळखीच्या रकान्याने एकमेकांशी जोडावेत. आजचे बहुतेक डेटाबेस याच विचारावर उभे आहेत. दुकानापुरते बोलायचे तर गिऱ्हाइकांचा एक, बिलांचा दुसरा आणि जमा रकमांचा तिसरा तक्ता करावा. गिऱ्हाइकाला एक क्रमांक द्यावा आणि बिलात व जमेत तोच क्रमांक लिहावा.

नाव का चालत नाही? आपल्याकडे याचे उत्तर सोपे आहे. उर्दूत ‘मुहम्मद’ एकाच तऱ्हेने लिहितात. देवनागरीत तेच मोहम्मद, मुहंमद, महंमद, मोहमद असे होते. माणसाला हे एकच नाव वाटते, संगणकाला चार वेगळी. उलट एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे तिघे निघतात. मोबाईल नंबरही पक्की ओळख नव्हे. माणूस कुवेतला किंवा दुबईला गेला की नंबर बदलतो. म्हणून क्रमांक दुकानाचा असावा आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्याला कधीही देऊ नये. नाव, वडिलांचे नाव, मोहल्ला व फोन हे त्यापुढचे रकाने.

जमेच्या तक्त्यात ‘रक्कम कोणी भरली’ हा रकाना अवश्य ठेवावा. लग्नाचे कापड घरचे लोक नेतात आणि पैसे परदेशातला भाऊ पाठवतो, हे आपल्याकडे नेहमीचे आहे.

बाकी लिहू नये, काढावी

पुष्कळ प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘बाकी’ हा आकडा साठवून ठेवतात व प्रत्येक वेळी तो बदलतात. मध्येच वीज गेली की बिल नोंदले जाते, बाकी बदलत नाही. मग खरे काय, ते सांगता येत नाही. त्यापेक्षा बाकी दरवेळी हिशेबाने काढावी. ४,८०० व २,३५० अशी दोन बिले, एकूण ७,१५०. जमा ३,००० व १,५००, एकूण ४,५००. बाकी २,६५०. गिऱ्हाइकाने विचारले तर प्रत्येक आकडा तारखेसह दाखवता येतो.

बिल लिहिणे आणि साठ्यातून माल वजा करणे ही दोन कामे एकत्र बांधावीत. ती दोन्ही व्हावीत किंवा एकही होऊ नये. डेटाबेसमध्ये यासाठी ‘ट्रान्झॅक्शन’ची सोय असते. प्रोग्रामरने ती वापरली आहे का, हे विचारावे.

कापडवाल्यांसाठी आणखी एक. साठा एकाच मापात ठेवावा. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. थान वारात आणि विक्री मीटरमध्ये नोंदली तर शंभर वारांवर साडेआठ मीटरची तफावत पडते आणि संशय मात्र दुकानातल्या पोरावर जातो.

जुने फॉक्सप्रो वापरणाऱ्यांसाठी

१९९० च्या दशकात लिहिलेले फॉक्सप्रोचे प्रोग्राम काही दुकानांत अजून तग धरून आहेत. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ साली विकत घेतले, २००७ साली पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटच्या आवृत्तीचा आधारही थांबवला. डॉसवरचे जुने प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. म्हणजे जुना संगणक बिघडला तर नव्यावर तोच प्रोग्राम सुरू होईल, या भरवशावर राहू नये.

दिलासा असा की माहिती अडकलेली नाही. तिच्या डीबीएफ फाईली लिबरऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये उघडतात. तेथून ती मायएसक्यूएल, एसक्यूलाईट अशा मोफत डेटाबेसमध्ये नेता येते.

फॉक्सप्रोत ‘डिलीट’ केल्याने नोंद जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. ‘रिकॉल’ने ती परत येते. ‘पॅक’ केले की मात्र कायमची जाते. म्हणून प्रत काढल्याशिवाय ‘पॅक’ करू नये. वीज गेल्यानंतर यादी उलटसुलट दिसू लागली तर बहुधा सूची बिघडलेली असते. आधी प्रत काढून मग ‘रीइंडेक्स’ करावे.

प्रत कोठे ठेवावी?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी शिरले की कागदाची वही आणि संगणक दोन्ही एकाच वेळी जातात. दुकानातल्या संगणकाची प्रत दुकानातल्याच कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवर असावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

एकत्र बसण्याची गरज

टॅलीचा जन्म याच गरजेतून झाला. श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्राम मिळेना, म्हणून १९८६ साली त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी तो लिहिला. व्यापार जाणणारा आणि प्रोग्राम लिहिणारा एका घरात होते, म्हणून ते जमले.

आपल्या तालुक्यांतही हे जमू शकते. लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, गावोगावी शिकलेली मुले आहेत. महिन्यातून एकदा चार दुकानदार आणि दोन-तीन प्रोग्रामर एकत्र बसले, एकाने अडचण मांडली व दुसऱ्याने केलेला उपाय सांगितला, तरी तोच उपाय दहा ठिकाणी नव्याने शोधावा लागणार नाही.

आणि प्रोग्राम विकत घेताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: “उद्या तुम्ही नसलात तर माझी माहिती मला पूर्ण बाहेर काढता येईल का?” उत्तर हो असेल आणि ते समोर करून दाखवले, तरच पैसे मोजावेत.