द्रवमापन उपकरणांची शुद्धी व निगा

शार्ङ्गधराचार्यांनी आपल्या संहितेच्या पूर्वखंडात अगदी पहिल्याच अध्यायात मानपरिभाषा सांगितली आहे. कुडव व त्यापुढील मानांत द्रवद्रव्ये दुप्पट घ्यावीत हा द्रवद्वैगुण्याचा नियम आपणां सर्वांस परिचित आहे. नस्यासाठी वाग्भटाचार्यांनी तर थेंबाचीही व्याख्या केली. तर्जनीची दोन पेरे स्नेहात बुडवून बाहेर काढल्यावर गळतो तो बिंदू, आणि मर्श नस्याच्या उत्तम, मध्यम व हीन मात्रा अनुक्रमे दहा, आठ व सहा बिंदूंच्या. मात्रा सांगण्यापूर्वी ती मोजण्याचे साधन निश्चित करण्याची ही दृष्टी आहे. आज त्या बोटाची जागा पिपेट, ब्युरेट, डिस्पेन्सर आणि भरणी यंत्राने घेतली आहे. बोट धुऊन नस्य द्यावे हे कोणास सांगावे लागत नाही. पिपेटच्या बाबतीत मात्र ते वारंवार सांगावे लागते, असा आमचा अनुभव आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २००० साली शेड्यूल टी समाविष्ट झाले आणि प्रत्येक यंत्राची स्वच्छता, देखभाल व कार्य यांची लेखी पद्धती ठेवणे आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांस आवश्यक झाले. अनेक लहान फार्मसींत ही लेखी पद्धती फाइलमध्ये असते, परंतु ती बहुधा उपकरणाच्या माहितीपुस्तिकेवरून जशीच्या तशी उतरवलेली असते. त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांसमोर पाणी, आम्ल, अल्कली व रासायनिक द्रावणे असतात. आपल्या उपकरणांतून वाहतात ती सिद्ध तैले, गुळाने घट्ट झालेली अरिष्टे, क्षारजल आणि गुग्गुळासारख्या निर्यासांचे मद्यार्कातील विलयन. यांतील प्रत्येक द्रव्य उपकरणास निराळ्या प्रकारे दूषित करते. म्हणून शुद्धीची पद्धतीही उपकरणावरून न ठरवता द्रव्यावरून ठरवावी, असे आमचे मत आहे.

तैलाचा लेप आणि एक बॅच

दोष किती अल्प असतो व त्याचा परिणाम किती मोठा होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आमच्या परिचयाच्या एका लहान फार्मसीत एका अरिष्टाच्या बॅचमधील मद्यार्क सुमारे ११ टक्के आला. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के अपेक्षित असते. संधानाची नोंदवही निर्दोष होती. गूळ, धायटीची फुले, दिवस, तापमान यांपैकी कशातही विपर्यास नव्हता. तरीही ती बॅच विक्रीस न सोडण्याचा निर्णय जवळजवळ झालाच होता. लहान फार्मसीस एक बॅच गमावणे म्हणजे काय, हे वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे.

मद्यार्काचे मापन ऊर्ध्वपातनाने मिळालेल्या द्रवाच्या विशिष्ट गुरुत्वावरून होते. ५ टक्के मद्यार्काचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.९९२८, तर १० टक्क्यांचे सुमारे ०.९८६६ असते. म्हणजे एका टक्क्यामागे फरक केवळ ०.००१२ ते ०.००१३ इतका. २५ मि.लि.च्या विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीत हा फरक वजनात जेमतेम ०.०३ ग्रॅम होतो. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो हे लक्षात घेतले, तर अर्ध्याहून थोड्या अधिक थेंबाने निकालात एक टक्क्याची चूक शिरते हे ध्यानी येईल.

त्या फार्मसीत तैलाचे आणि अरिष्टाचे विशिष्ट गुरुत्व एकाच बाटलीत घेतले जात असे. बाटली पाण्याने विसळली होती, ती दिसण्यास स्वच्छही होती. पण मानेत व बुचाच्या केशनलिकेत तिळतेलाचा अंश राहिला होता. रिकाम्या बाटलीचे वजन त्या दिवशी नव्याने घेतले गेले, पाण्याचे निव्वळ वजन मात्र जुन्या नोंदीतून घेतले. आत राहिलेले ०.०६ ग्रॅम तेल रिकाम्या वजनात मिळाले आणि तितकीच जागा अडल्याने द्रव कमी मावला. द्रव हलका भासला, म्हणून मद्यार्क दोन टक्क्यांनी अधिक दिसला. बाटली नीट शुद्ध करून तीनही वजने एकाच दिवशी घेतल्यावर तेच अरिष्ट सुमारे ९ टक्क्यांवर आले.

काच शुद्ध झाली की नाही हे ओळखण्याची परीक्षा साधी आहे. ऊर्ध्वपातित जल भरून ओतून द्यावे. पाणी अखंड पातळ थराने ओसरले तर काच शुद्ध आहे. थेंब थेंब होऊन चिकटून राहिले तर स्नेहांश शिल्लक आहे. ब्युरेटच्या भिंतीवर असे थेंब राहिले तर तेवढे द्रव मोजले जाऊनही खाली उतरत नाही.

द्रव्यानुसार शुद्धी

स्नेहासाठी क्रम असा असावा. प्रथम उपकरण पूर्ण निथळू द्यावे. नंतर पेट्रोलियम ईथरने एक-दोनदा विसळावे, कारण स्थिर तैले थंड मद्यार्कात फारशी विरघळत नाहीत आणि केवळ स्पिरिटने विसळण्याची रूढ पद्धत येथे अपुरी पडते. त्यानंतर कोमट पाण्यात प्रयोगशाळेचे सौम्य डिटर्जंट, मग नळाचे पाणी भरपूर, शेवटी ऊर्ध्वपातित जल तीन वेळा. पेट्रोलियम ईथर अत्यंत ज्वालाग्राही आहे. ज्या वास्तूत पाकाची भट्टी पेटलेली असते, तेथे हे काम स्वतंत्र, हवेशीर खोलीतच करावे. महिनोन्महिने वाळून चिवट झालेल्या तैलासाठी मद्यार्कातील पोटॅशचे द्रावण काही मिनिटे वापरता येते. साबणीकरण मूल्य काढताना जी क्रिया आपण फ्लास्कमध्ये घडवतो, तीच येथे काचेच्या भिंतीवर घडते. परंतु अल्कली काचेसही खाते. म्हणून हे द्रावण रात्रभर ठेवू नये आणि हातमोजे व चष्मा यांशिवाय हाताळू नये. जुन्या पुस्तकांत सांगितलेले क्रोमिक आम्लाचे मिश्रण मात्र आता सोडून द्यावे. त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि लहान फार्मसीत त्याची विल्हेवाट लावण्याची सोय नसते.

आसवारिष्टांचे दूषण त्या मानाने सोपे, पण वेळेशी बांधलेले आहे. ओले असताना कोमट पाण्याने दोन मिनिटांत निघणारा गूळ वाळल्यावर टोकाच्या सूक्ष्म छिद्रात खडा होऊन बसतो. कषायद्रव्यांचे तपकिरी डाग डिटर्जंटमध्ये भिजत घातल्यास सुटतात. पांढरा थर दिसला तर तो बहुधा औषधाचा नसून कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्याचा असतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सायट्रिक आम्ल तो विरघळवते. राख आणि काथ्या यांनी घासण्याची आपल्याकडील सवय पितळेच्या पातेल्यांसाठी उत्तम असली, तरी मोजमापाच्या काचेवर तिने ओरखडे पडतात व प्रत्येक ओरखड्यात पुढील मळ धरतो. नव्या सेवकास पहिल्याच दिवशी हे सांगावे.

क्षारजल व सोडियम हायड्रॉक्साइड यांविषयी एकच नियम पुरे: काम संपताच रिकामे करावे. काचेची तोटी असलेल्या ब्युरेटमध्ये अल्कली रात्रभर राहिली की तोटी जाम होते आणि दुसऱ्या दिवशी ती सोडवताना ब्युरेट मोडते. नवीन घ्यावयाची असल्यास टेफ्लॉन तोटीची घ्यावी. तीस ग्रीस लागत नाही. ठेवताना तिची चकती किंचित सैल करावी. गुग्गुळ, राळ इत्यादी निर्यासांसाठी प्रथम मद्यार्क, मगच पाणी. क्रम उलटला तर निर्यास पांढरट साका होऊन चिकटतो.

ब्युरेट शून्यापर्यंत भरून २० मिनिटे उभी ठेवावी. पातळी खाली सरकली तर ती गळते. टोक तुटलेली पिपेट टाकून द्यावी, घासून नीट करू नये. पिपेट तोंडाने ओढण्याचा प्रकार आजही काही ठिकाणी दृष्टीस पडतो. रबरी फुगा काही शंभर रुपयांत मिळत असताना हे अनाकलनीय आहे.

बाटलीच्या तोंडावर बसणारे डिस्पेन्सर आम्ल-अल्कलीसाठी सोयीचे असते. त्याची झडप स्फटिकांनी अडकली की दट्ट्या जोराने दाबण्याचा मोह होतो. तसे न करता ते ऊर्ध्वपातित जलाच्या बाटलीवर बसवून दिवसाअखेरीस काही वेळा चालवावे; अडकले असल्यास भिजत ठेवावे. गाळ असलेले कोणतेही द्रव त्यातून देऊ नये.

शुद्धीनंतरची परीक्षा

शुद्ध केलेले उपकरण अचूकही आहे का, हे पाण्याच्या वजनावरून कळते. २७ अंश तापमानास १० मि.लि. ऊर्ध्वपातित जलाचे हवेत वजन सुमारे ९.९५५ ग्रॅम भरते. ते पूर्ण १० ग्रॅम भरावे ही अपेक्षा चुकीची आहे. ‘अ’ वर्गाच्या १० मि.लि. पिपेटला ०.०२ मि.लि. इतकीच तफावत क्षम्य असते, ‘ब’ वर्गास त्याच्या दुप्पट. दहा वेळा वजन घेऊन सरासरी व विखुरणी दोन्ही नोंदवावीत. सरासरी बरोबर आणि विखुरणी मोठी असेल तर उपकरणापेक्षा हाताचा दोष संभवतो. दट्ट्याच्या उपकरणांसाठी आयएसओ ८६५५ हे मानक २००२ साली आले व २०२२ मध्ये सुधारले गेले. त्यात वर्षातून किमान एकदा तपासणी अपेक्षित आहे. तैल व अरिष्टांच्या रोजच्या वापरात आम्ही ती तिमाही सुचवतो. पाणी, उपकरण आणि खोली यांचे तापमान एक होण्यास वेळ द्यावा. २० व ४० अंशांतील पाण्याच्या घनतेत सुमारे ०.६ टक्का अंतर आहे. त्यामुळे विदर्भातील मे महिन्यात, वातानुकूलन नसताना, पुस्तकातील २० अंशांचा आकडा लावल्यास निर्दोष पिपेटही सदोष ठरते.

भरणी यंत्र

प्रयोगशाळेतील पिपेटचा दोष निकाल बिघडवतो, भरणी यंत्राचा दोष औषधच बिघडवतो. दट्ट्याच्या भरणी यंत्रात नळी, झडप व टोक यांत प्रत्येक वेळी थोडे अरिष्ट उरते. हवा लागलेल्या त्या अवशेषाचे मद्यार्क जिवाणूंमुळे आम्लात बदलते, म्हणजे मद्याचे शुक्त होते. पुढील बॅचच्या पहिल्या काही बाटल्या तेच शुक्त घेऊन बाहेर पडतात. आंबट वासाची तक्रार एका पेटीतील दोन-चार बाटल्यांपुरतीच आली, तर संधानपात्राकडे जाण्यापूर्वी भरणीच्या नळ्या उघडून पाहाव्यात. पितळी तोट्या आम्लधर्मी अरिष्टात तांबे सोडतात. त्या काढून उत्तम प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्यात.

चकत्या व नळ्यांच्या रबराकडे क्वचितच लक्ष जाते. नैसर्गिक रबर तैलात फुगते, मऊ होते व त्याचे कण औषधात येतात. तैलासाठी नायट्राइल रबराच्या चकत्या घ्याव्यात आणि तैलाची व अरिष्टाची चकत्या-नळ्यांची संच-जोडी स्वतंत्र ठेवून त्यांवर रंगीत खूण करावी. कापूर, पुदिन्याचे फूल, निलगिरी तेल असलेले योग पॉलिस्टायरीनसारख्या प्लॅस्टिकला तडे पाडतात. त्यांच्या मापनास काच किंवा स्टील हेच योग्य.

भरणी संपल्यावर कोमट पाणी, डिटर्जंट, स्वच्छ पाणी या क्रमाने यंत्र चालवावे. झडपा सुट्या करून धुवाव्यात व पूर्ण कोरड्या करूनच जोडाव्यात. तैलानंतर पाण्याचा अंश राहिला तर पुढील तैल गढूळ होते व लवकर खवट होते. अखेरच्या धुवणाचे पाणी पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत घेऊन रंग, वास व तवंग पाहावा. नोंदवहीत तारीख, मागील औषध, पुढील औषध, धुणाऱ्याची सही आणि ती वाटी पाहणाऱ्याची सही असे रकाने असावेत. या दोन सह्या एकाच व्यक्तीच्या नसाव्यात.