आजारपणात राजीनाम्यावर सही करण्याआधी

घरातल्या कमावत्या माणसाला मोठा आजार झाला, की आपण दवाखाना, औषधं, डबा आणि मुलं यांतच बुडून जातो. अशा धावपळीत कामाच्या ठिकाणाहून निरोप येतो, "आता यांना काम झेपणार नाही. राजीनामा देऊन टाका, पीएफ लगेच मोकळा होईल." हातात पैसा नसतो, माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, आणि सही होऊन जाते.

आज त्या सहीबद्दलच बोलू या. राजीनामा देणं आणि आजारामुळे निवृत्त होणं, कायद्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान सूतगिरणीत कामाला होते. चार वर्षं भरली आणि त्यांना लकवा मारला. तिथल्या साहेबांनी तयार अर्ज पाठवला. त्यात लिहिलं होतं, "घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे." पुढे ग्रॅच्युइटी मागायला गेल्यावर तोच कागद ताईंसमोर ठेवला गेला.

ग्रॅच्युइटीचा नियम असा, की एरवी ती मिळायला सलग पाच वर्षं नोकरी लागते. पण मृत्यूमुळे किंवा आजार-अपघातानं आलेल्या असमर्थतेमुळे नोकरी संपली, तर पाच वर्षांची अट नाही. हिशेब सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असले, तर २६ नं भागून एका दिवसाचे ५०० रुपये होतात. वर्षाला १५ दिवसांचे ७,५०० आणि चार वर्षांचे ३०,००० रुपये. राजीनाम्याच्या कागदावर मात्र शून्य.

पेन्शनचंही तसंच. पीएफ कापला जातो तेव्हा बहुतेकांच्या नावे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही पैसे जातात. एरवी या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. पण नोकरीत असतानाच माणूस कायमचा आणि पूर्णपणे कामाला असमर्थ झाला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी महिन्याला पेन्शन मिळू शकते. ती कमीत कमी १,००० रुपये आहे. त्यासाठी वैद्यकीय मंडळाची तपासणी होते आणि १०-डी नावाचा फॉर्म भरतात. घाईनं १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे एकदम काढून घेतले, तर हा मार्ग बंद होतो. म्हणून फॉर्मवरचा नंबर वाचल्याशिवाय सही करू नका.

मग लगेच लागणाऱ्या पैशाचं काय? त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. मोठ्या आजारासाठी नोकरीत राहूनच पीएफमधून रक्कम काढता येते. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर त्यांच्या डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग, लकवा अशा ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांत, नोकरीची अट पूर्ण होत असेल तर, ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. हा आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला माणूस सहजासहजी कामावरून काढता येत नाही. म्हणजे पहिली पायरी रजेची आणि उपचाराची. कितीतरी माणसं सहा-आठ महिन्यांत बरी होऊन कामावर परततात. राजीनामा दिला, की परतायला जागाच उरत नाही.

आता सरकारी नोकरीचं पाहू. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनामा दिला, तर मागची सेवा बुडते. वैद्यकीय मंडळानं कायमचं असमर्थ ठरवलं, तर मात्र रुग्णता निवृत्तिवेतन मागता येतं. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. तरी २०२३ च्या शासन निर्णयानं त्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतनाची सोय झाली आहे. आपल्या कार्यालयात त्याची चौकशी करा.

आणखी एक कायदा लक्षात ठेवा, दिव्यांग हक्क कायदा २०१६. नोकरीत असताना पाय गेला, नजर गेली, लकव्यानं हात निकामी झाला, तरी सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. त्याच पगारश्रेणीत झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. सरकारी महामंडळंही यात येतात. म्हणजे बस चालवणं जमत नसेल, तर दुसरं काम मागता येतं. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढून घ्या.

सगळे उपचार करूनही काम होणारच नसेल, तर अर्ज साध्या शब्दांत लिहा: "मला अमुक आजार झाला आहे. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. कायमच्या असमर्थतेमुळे मला सेवेतून निवृत्त करावे आणि नियमाप्रमाणे देणी द्यावीत." 'राजीनामा', 'घरगुती कारण', 'स्वखुशीने' हे शब्द नकोत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. कुणी ऐकत नसेल, तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. महिलेला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो.

घरात कुणाचीच पगारी नोकरी नसेल, तर हे मार्ग नाहीत. पण गंभीर आजारी किंवा दिव्यांग माणसासाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट तिथे विचारून घ्या.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक सभेत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं या विषयाला द्या. घरात कोण नोकरीला आहे, पीएफचा यूएएन नंबर कुठे लिहिलेला आहे, ईएसआयचं कार्ड कुठे आहे, नेमणुकीचं पत्र आणि पगाराची पावती जपली आहे का, वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, हे प्रत्येकीनं सांगायचं. ज्यांना माहीत नसेल, त्यांनी घरी जाऊन विचारायचं. आणि कुणाच्या घरी असा कागद सहीसाठी आलाच, तर त्या ताईला एकटीला सोडायचं नाही. दोघी-तिघींनी जाऊन तो कागद शांतपणे वाचायचा. सही काय, दोन दिवसांनीही करता येते.