रस्ता खचला की दोष डांबराचाच?

रस्ता उखडला की कंत्राटदाराने डांबर खाल्ले, असा निकाल लगेच लागतो. डांबरात चोरी होत नाही असे नाही. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांचे दुखणे पुष्कळदा डांबराच्या बरेच खाली असते. या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, वाळले की आकसते. रस्त्याच्या मध्यभागी डांबराच्या झाकणाखाली ओलावा वर्षभर फारसा हलत नाही. कडेला मात्र साइडपट्टीतून पावसाळ्यात पाणी मुरते आणि उन्हाळ्यात उडून जाते. म्हणून कडेजवळ, रस्त्याच्या लांबीला समांतर भेग पडते, वरचे डांबर अस्सल असले तरी. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या कातडीसारखी जाळी उमटली, तर थर भाराखाली वाकून वाकून थकला, असा संशय घ्यावा. चाकोऱ्या पडल्या तर नुसते पाहून काहीच ठरत नाही. रस्ता आडवा कापून उघडावा लागतो. माती दबली असेल तर थरांच्या सीमारेषाही तिथे खाली वाकलेल्या दिसतात, आणि फक्त डांबराचा थर सरकला असेल तर खालच्या रेषा सरळ राहतात.

उन्हाळ्यात कुदळीला दाद न देणारी जमीन भक्कम, हा दुसरा भ्रम. म्हणूनच मातीची ताकद मोजणाऱ्या सीबीआर चाचणीत नमुना 4 दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. काळ्या मातीचा आकडा मग अनेकदा 2-3 टक्क्यांवर येतो. डांबराच्या थरातून काढलेली कोअर जाडी आणि डांबराचे प्रमाण सांगते, मातीबद्दल अवाक्षर काढत नाही. काँक्रीट हाही रामबाण नव्हे. सांध्यातून पाणी गेले की वाहनांच्या दाबाने खालची बारीक माती पाण्याबरोबर बाहेर फेकली जाते, स्लॅबचा कोपरा अधांतरी राहतो आणि तुटतो.

एवढी खोदाई करायला वेळ आणि पैसा कुठे, असे कोणी म्हणेल. प्रत्येक खड्डा तपासायची गरजच नाही. एकाच कामातला खराब आणि धड असे दोन तुकडे उघडले, तरी फरक डांबरात आहे, जाडीत आहे, की ओलाव्यात, हे बरेचसे कळते. ते न शोधता नवा थर चढवला तर खालची भेग यथावकाश वर येते आणि तो खर्चही वाया जातो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: अशाने कंत्राटदार आणि अभियंते मातीवर खापर फोडून सुटतील. सुटू नयेत. माती काळी आहे हे कामाआधीच दिसत असते. 3 ते 5 टक्के चुना मिसळणे, ती काढून मुरूम भरणे, बाजूला गटार काढणे, हे उपायही जुनेच आहेत. त्यातले काय आराखड्यात नव्हते आणि काय असूनही जागेवर झाले नाही, हे त्या उघडलेल्या खड्ड्यात मोजता येते.