नावाजलेला खेळ अर्धवट सोडताना

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर ही भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर, असे वऱ्हाड पिढ्यानपिढ्या मानत आले आहे. थोरल्या भावाने, रुक्मीने, तिच्यासाठी चेदिराज शिशुपालाची निवड केली. जरासंधासारखे बलाढ्य राजे त्याच्या पाठीशी होते. स्थळ नावाजलेले होते, यात शंका नाही. तरीही रुक्मिणीने ते नाकारले आणि अंबिकेच्या दर्शनाला जाऊन तेथूनच आपला मार्ग धरला. विवाहासारख्या गंभीर बाबतीत जो विवेक आपण वंदनीय मानतो, तो साध्या करमणुकीत दाखविण्यास मात्र आजचा सुशिक्षित तरुण कचरतो, हे नवल नव्हे काय?

प्रस्तुत विषय व्हिडिओ गेमचा आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३’ २०१५ साली आणि जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘एल्डन रिंग’ २०२२ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून गौरविला गेला. २०१८ मधील ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची समीक्षकांनी मुक्तकंठाने स्तुती केली. यांतील एकेकाचे मुख्य कथानक पुरे करण्यास पन्नास तासांच्या आसपास लागतात. एखादा विद्यार्थी पैसे साठवून असा खेळ घेतो, दहा-बारा तास घालवितो, आणि मन काही रमत नाही. खेळ बंद करावा, तर आपलीच अभिरुची उणी ठरेल, ही धास्ती. मग तो करमणूकही कर्तव्यासारखी उरकू लागतो.

या हट्टामागे पैशाचा हिशेबही असतो. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी नाटकाच्या हंगामी तिकिटांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना तिकीट पूर्ण किमतीत, तर काहींना सवलतीत दिले होते. नाटके तीच, पण पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक हंगामाच्या पूर्वार्धात अधिक प्रयोगांना गेले. गेलेला पैसा वसूल व्हावा म्हणून माणूस वेळही खर्ची घालतो, हा त्याचा अर्थ. वास्तविक पैसा तर गेलेलाच असतो; प्रश्न उरतो तो पुढील चाळीस तासांचा. स्टीम या विक्रीमंचाने २०१५ पासून खेळ परत करण्याची सोय केली आहे. पण खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असेल तरच. पन्नास तासांच्या कथेचा निवाडा दोन तासांत कसा व्हावा? तेव्हा पैसा न मिळताही सोडून देण्याचे धैर्य ज्याचे त्यालाच करावे लागते.

यावर कोणी म्हणेल, ही तर अधीरतेची वकिली झाली. आक्षेप रास्त आहे. याच कौंडण्यपुरातून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपुरास निघते. वारकरी ऊन-पाऊस सोसत शेकडो किलोमीटर चालतात; पायांना फोड येतात, पण वाट सोडावीशी वाटत नाही. श्रम आणि कंटाळा या भिन्न गोष्टी आहेत. ‘एल्डन रिंग’ वारंवार हरवितो, आणि तरी पुन्हा प्रयत्न करावासा वाटला, तर ते श्रम सार्थकी लागले. पुढे काय होईल याची उत्सुकता संपून आता किती उरले एवढेच मोजणे सुरू झाले, की मात्र थांबणे योग्य.

उलटपक्षी, ज्याने धरून ठेवले ते सरस, असेही नाही. मोबाईलवरील कित्येक फुकट खेळ रोज हजेरी लावल्यास बक्षीस देतात आणि एक दिवस चुकला तर काही गमावल्याची हुरहुर लावतात. तेथे रस आटलेला असतो, सवय तेवढी उरते. म्हणून नावाजलेला खेळ आपल्याला सोडता आला, यात खेळाचीही काहीशी प्रतिष्ठा आहे.

आपुलकीचेही बंधन नसावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ आणला, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान म्हणजे आवड नव्हे.

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. पुस्तक पुरे न करण्याचा हक्क त्यांत आहे. खेळणाऱ्यालाही तो असावा. मात्र त्यासोबत एक जबाबदारी येते: काय रुचले नाही आणि का, हे स्वतःशी स्पष्ट करण्याची. ‘भिकार आहे’ म्हणणे सोपे. ‘कथा चांगली, पण तिच्यातली धावपळ मला नीरस वाटली’ असे म्हणण्यास विचार लागतो. थोरामोठ्यांनी वाखाणलेल्या कवितेबद्दलही विद्यार्थ्याने असे सकारण मत मांडले, तर शिक्षकांनी त्याचे गुण कापू नयेत. अभिरुची वाढते ती अशाच प्रामाणिक नकारांतून.