एलिस बेटावर आडनाव हरवलं नाही

कॅन्ससपासून विस्कॉन्सिनपर्यंत मक्या-गव्हाच्या शेतांत वसलेल्या गावांमध्ये जर्मन वंशाची असंख्य घरं आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ घरांत एकच गोष्ट सांगितली जाते. पणजोबा न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरले, तिथल्या अधिकाऱ्याला त्यांचं आडनाव उच्चारता येईना, त्याने वैतागून सुचेल ते लिहिलं आणि श्मिटांचे स्मिथ झाले. आपल्या कुळाचं मूळ शोधणारी माणसं या गोष्टीवर विसंबतात आणि चुकीच्या बंदरात, चुकीच्या दशकात वर्षानुवर्षं चाचपडत राहतात.

एलिस बेटावरचं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ रोजी. एका वर्षात सर्वाधिक जर्मन अमेरिकेत आले ते मात्र १८८२ साली, अडीच लाखांच्या आसपास. तेव्हा न्यूयॉर्कला येणारे लोक मॅनहॅटनच्या टोकाला कॅसल गार्डनमध्ये उतरत. शिवाय सगळे न्यूयॉर्कलाच येत असंही नाही. अठराव्या शतकातले बहुतेक फिलाडेल्फियाला उतरले, टेक्सासला जाणारे गॅल्व्हेस्टनला, मिसुरीला जाणारे बरेचसे न्यू ऑर्लिन्सला उतरून मिसिसिपी नदीतून वर गेले. पुढे बाल्टिमोरचा रस्ताही वाहता झाला. आणि एलिस बेटावरचा अधिकारी मुळात नावं लिहीतच नसे. प्रवाशांची यादी जहाजाबरोबर यायची. ती ब्रेमेन किंवा हॅम्बुर्गला जहाज कंपनीच्या कारकुनाने केलेली असायची. अधिकारी ती समोर ठेवून प्रश्न विचारायचा आणि उत्तरं पडताळायचा. तिथे दुभाषेही होते.

मग आडनावं बदलली कुठे? नव्या गावात, हळूहळू. कर गोळा करणाऱ्याने ऐकू आलं तसं लिहिलं, शिरगणतीवाल्याने वेगळं लिहिलं, शाळेत मास्तरांनी मुलाचं नाव इंग्रजी वळणाने घातलं आणि शेवटी घरच्यांनीच सोयीचं रूप पत्करलं. कुणी अर्थाचं भाषांतर केलं: त्सिमरमानचे कार्पेंटर झाले, कोखचे कुक झाले, श्वार्त्सचे ब्लॅक झाले. कुणी नुसता उच्चार सांभाळला. म्युलरचे मिलर झाले, हूबरचे हूवर. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर याच हूबरांच्या वंशातले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर चाल करून गेलेले आयझेनहॉवर हे मूळचे आयझेनहाउअर, आणि हे घराणं १७४१ मध्ये आजच्या झारलांडमधल्या कार्ल्सब्रुन गावातून निघालं होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेचं नेतृत्व करणारे पर्शिंगही मूळचे फ्योर्शिन. नैर्ऋत्य जर्मनीच्या बोलींत ब आणि प, द आणि त, ग आणि क यांचे उच्चार इतके जवळ येतात की एकाच घराण्याचं नाव दोन नोंदींत दोन वेगळ्या अक्षरांखाली सापडतं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी दिसली, तर लगेच शंका घेण्याचं कारण नाही.

आडनावाइतकीच फसवणूक पहिल्या नावात होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तीन भाऊ योहान गेओर्ग, योहान पीटर आणि योहान याकोब असे दिसतात. अमेरिकेतला वंशज ‘जॉन’ शोधत बसतो. पण या जोडनावांतलं ‘योहान’ हे बहुधा धार्मिक प्रथेचं नाव. घरात हाक मारायचे ती गेओर्ग, पीटर, याकोब अशी. नुसता ‘योहानेस’ असेल, तर मात्र तो खरोखर योहानेसच. बायकांच्या आडनावाला जुन्या नोंदींत ‘इन’ जोडलेलं असतं, त्यामुळे म्युलरची मुलगी ‘म्युलरिन’ दिसते. तो वेगळ्या घराण्याचा पुरावा नव्हे.

वेस्टफालिया आणि ओस्नाब्रुकच्या भागात तर आडनाव माणसाचं नसे, शेताचं असे. वारसदार मुलीशी लग्न करून जो शेतावर राहायला येई, तो त्या शेताचं नाव लावू लागे आणि मुलंही तेच नाव लावत. त्या भागातून मिसुरी-इलिनॉयला गेलेल्या कुटुंबांत बाप-लेकाची आडनावं जुळत नाहीत, तेव्हा आधी शेत शोधावं लागतं.

‘आमचे पूर्वज जर्मनीतून आले’ हे वाक्यही तपासून घेण्यासारखं आहे. जर्मनी हा एकसंध देश झाला १८७१ मध्ये. त्याआधीच्या अमेरिकन शिरगणतीत जन्मस्थान म्हणून प्रशिया, हॅनोव्हर, बाडेन, व्युर्टेंबर्ग, मेक्लेनबुर्ग असं लिहिलेलं आढळतं. हॅनोव्हर १८६६ मध्ये प्रशियाने गिळंकृत केलं. त्यामुळे १८६० च्या शिरगणतीत ‘हॅनोव्हर’चा असलेला शेतकरी १८७० मध्ये ‘प्रशिया’चा होऊ शकतो, आयोवातली जमीन न सोडताही. आणि जर्मन बोलणारे सगळे या राज्यांतले तरी कुठे होते? विस्कॉन्सिनमधलं न्यू ग्लारस १८४५ मध्ये वसवलं ते स्वित्झर्लंडच्या ग्लारस परगण्यातल्या गरिबीने गांजलेल्या लोकांनी. टेक्सासच्या कॅस्ट्रोव्हिलमध्ये आले ते आल्सासचे. पेन्सिल्व्हेनियातल्या ‘डच’ लोकांचा तर हॉलंडशी संबंध नाही: जुन्या इंग्रजीत हा शब्द जर्मन भाषिकांनाही लावला जाई. ते सगळे आमिश होते हाही भ्रमच. त्यांतले बहुसंख्य ल्युथरन आणि रिफॉर्म्ड पंथांचे होते.

सगळ्यांत मोठी चकवाचकव होते ती ‘रशिया’ या शब्दाने. आजी रशियातून आली म्हणून कुटुंब स्वतःला रशियन समजतं. पण सम्राज्ञी कॅथरीनने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना जमीन, धर्मस्वातंत्र्य आणि सैन्यभरतीतून सूट देऊ केली होती, आणि हजारो जर्मन कुटुंबं व्होल्गाकाठी जाऊन वसली होती. पुढे काळ्या समुद्राच्या बाजूलाही वसाहती झाल्या. शंभर वर्षं ही माणसं आपल्या गावांत जर्मन बोलत, जर्मनमध्ये प्रार्थना करत राहिली. १८७४ मध्ये सैन्यभरती सक्तीची झाली आणि पुन्हा गाठोडी बांधली गेली. व्होल्गाकाठचे कॅथलिक १८७६ मध्ये कॅन्ससच्या एलिस काउंटीत आले. हर्ट्सोग, फायफर अशी मागे सोडलेल्या गावांची नावं त्यांनी नव्या गावांना दिली. व्हिक्टोरिया गावात त्यांनी उभारलेलं सेंट फिडेलिसचं दगडी चर्च आजही माळरानावर लांबून दिसतं.

नॉर्थ डकोटातलं स्ट्रासबर्ग हे वाद्यवृंदाचे प्रसिद्ध संचालक लॉरेन्स वेल्क यांचं गाव. त्यांचा जन्म १९०३ चा, तोही अमेरिकेतलाच, पण त्यांच्या इंग्रजीवरचा जर्मन हेल जन्मभर गेला नाही. गावाचं नाव पाहून कुणी थेट फ्रान्सच्या हद्दीवरचं शहर गाठेल, तर मधला मुक्काम निसटेल. डकोटातलं हे गाव काळ्या समुद्राकाठच्या ओडेसाजवळच्या स्ट्रासबुर्ग वसाहतीच्या नावावरून आहे, आणि त्या वसाहतीने ते नाव आल्सासमधल्या शहरावरून घेतलं होतं. १९१० च्या शिरगणतीत जन्मदेशाच्या जोडीला मातृभाषाही नोंदली गेली. ‘रशिया, जर्मन’ ही जोडी तिथे दिसली की उलगडा होतो.

‘युद्धात सगळी कागदपत्रं जळाली’ असं म्हणून अनेकजण शोध सोडून देतात. ब्रेमेनच्या प्रवासी याद्यांबद्दल ते जवळजवळ खरं आहे, तरी दोष एकट्या युद्धाचा नाही. जागा नाही म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनीच जुन्या याद्या नष्ट केल्या होत्या. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्या मात्र बहुतांश शिल्लक आहेत. चर्चची दप्तरंही मोठ्या प्रमाणात वाचली. प्रॉटेस्टंट चर्चची पुष्कळ दप्तरं ‘आर्खिओन’ या संकेतस्थळावर आणि कॅथलिकांची ‘मात्रिकुला’वर पाहता येतात. अडचण वेगळीच असते: ही दप्तरं ‘कुरेंट’ या जुन्या हस्तलिपीत असतात. मोडी न येणाऱ्यासमोर मोडीचा कागद यावा, तशी आजच्या जर्मन माणसाचीही तिच्यापुढे गत होते.

पण दप्तर उघडायचं कोणत्या गावचं? सगळा शोध येऊन अडतो तो इथे. गावाचं नाव समुद्रापलीकडे शोधण्याआधी अमेरिकेतल्याच कागदांत शोधायला हवं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. खेड्यातल्या ल्युथरन किंवा कॅथलिक चर्चच्या वहीत पाद्र्याने लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत जन्मगाव लिहिलेलं असू शकतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळवायची, तर नागरिक असणं किंवा तसा इरादा जाहीर केलेला असणं आवश्यक होतं. म्हणून जमिनीच्या फाइलमध्ये नागरिकत्वाचे कागद सापडतात. आणि तिथेही हाती काही लागलं नाही, तर शेजारी शोधावेत. ही माणसं सहसा एकेकटी गेली नाहीत. एका गावचे लोक पलीकडेही शेजारीशेजारी राहिले. मिशिगनमधलं फ्रँकनमुथ १८४५ मध्ये फ्रँकोनियातल्या एका पाद्र्याच्या प्रेरणेने निघालेल्या छोट्या जथ्याने वसवलं. अशा ठिकाणी बाप्तिस्म्याला साक्षीदार राहिलेल्या शेजाऱ्याचं गाव कळलं, की आपलंही बहुधा तिथेच असतं.

भाषेबद्दलचा गैरसमज सगळ्यांत दुखरा आहे. एका मताने जर्मन अमेरिकेची राजभाषा व्हायची राहिली, ही दंतकथाच. १७९५ मध्ये ४२ विरुद्ध ४१ असं मतदान झालं होतं, पण प्रश्न काही कायदे जर्मनमध्ये छापण्याचा होता. याच्या उलट, ‘आलेल्यांनी आपणहून लगेच जर्मन सोडली’ हेही खरं नाही. कित्येक खेड्यांत तिसऱ्या पिढीपर्यंत प्रवचन आणि शाळा जर्मनमध्येच होती. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हे धागे तोडले गेले. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, अगदी फोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी केली. नेब्रास्कातलं जर्मनटाउन गार्लंड झालं. त्याच राज्यात रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाला चर्चच्या शाळेत मुलाला जर्मनमध्ये बायबलमधल्या कथा शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने असं शिकवायला बंदी करणारा तो कायदा १९२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तोवर आजी-आजोबा गप्प झाले होते, नातवंडांना जर्मन कळेनाशी झाली होती. मूळ गावाचं नाव अनेक घरांतून गेलं, ते या काही वर्षांत.

१९१८ मध्ये नागरिकत्व न घेतलेल्या चौदा वर्षांवरील जर्मनांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून नोंदणी करावी लागली. आधी पुरुषांना, मग स्त्रियांना. तेव्हाच्या कायद्याने लग्नानंतर बाईला नवऱ्याचं नागरिकत्व लागत असे. म्हणून अमेरिकेत जन्मलेली बाईही अशा जर्मनाची बायको असेल, तर तिला ठसे द्यायला जावं लागे. या अर्जांपैकी बहुतेक नंतर नष्ट झाले. कॅन्ससचे मात्र राष्ट्रीय अभिलेखागारात जपून आहेत: फोटो, सही, बोटांचे ठसे आणि एका रकान्यात जन्मस्थान.