पेरलेल्या भुईचें माप

शेत किती, असें विचारलें असतां आपण सातबाऱ्यावरचा आंकडा सांगतों. परंतु बी व खत लागतें तें पेरलेल्या भुईस, कागदास नव्हे. पोटखराबा सातबाऱ्यावर निराळा मांडलेला असतो खरा. पण मागाहून काढलेली विहीर, गोठा वा वाट त्यांत असतेच असें नाहीं. महसुली चाकरींत हे दोन आंकडे जुळल्याचें आम्हीं क्वचितच पाहिलें.

पूर्वीं ३३ फुटी साखळीनें मोजणी होई. साखळीचा चौरस तो गुंठा व ४० गुंठ्यांचा एकर. आतां उपग्रहांच्या आधारें खिशांतल्या मोबाइलवरहि बांधाकांठानें फिरून क्षेत्र काढतां येतें. मात्र त्यांत कांहीं मीटरांची चूक संभवते. १०० मीटर लांबीचा बांध ३ मीटर सरकला, कीं सुमारें ३ गुंठे गेले! मोजणी खात्याचें रोव्हर यंत्र स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेतें, म्हणून तें कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक असतें. यास्तव हद्दीच्या तंट्यास सरकारी मोजणीच करावी.

खताच्या हिशेबास मोबाइल पुरे. एकरीं ४० किलो नत्र द्यावयाचें, तर ४६ टक्के नत्राचा युरिया ८७ किलो, म्हणजे गुंठ्यास सुमारें २.२ किलो लागतो. कागदावर ८० गुंठे व पेरा ७० गुंठे असल्यास २२ किलो, म्हणजे जवळजवळ अर्धी गोणी, अधिक पडते. मापांत एकदोन गुंठे चुकले तरी दोनचार किलोंचाच फरक. बांधावर तेवढ्याच चुकीनें दोन पिढ्यांचें वैर लागतें.

तरी येत्या पेऱ्यापूर्वीं प्रत्येक शेतकरी बंधूनें आपलें शेत एकदां मोजून वहींत टिपून ठेवावें, अशी आमची विनंती आहे.